दुधाच्या गाडीचा कॉम्प्युटर

आबांचा फोन सकाळी कधी येत नाही. सकाळी ते स्टेअरिंगवर असतात. पेठ वडगावच्या आसपासच्या गावांत दूध संस्थांसमोर गाडी लावायची, भरलेले कॅन मागं चढवायचे, रिकामे उतरवायचे आणि सगळं दूध शीतकरण केंद्रावर नेऊन घालायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. याला आमच्याकडं रूट म्हणतात, आणि मी कॉलेजात होते तेव्हापासून तो रूट माझ्या वडिलांचा आहे. म्हणून कागलच्या एमआयडीसीकडं निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये त्यांचा फोन वाजला, तेव्हा आईलाच काहीतरी झालं असंच मी धरून चालले.

"गाडीनं मान टाकली," आबा म्हणाले.

"कुठं?"

"ओढ्याच्या पुलावर. कॅन भरल्यात. दूध नासतंय हितं."

"आबा, मी बसमध्ये आहे. मी काय करू इथून?"

"कर म्हटलं व्हय मी? सांगतूय नुसतं."

नुसतं सांगायला फोन करणारा माणूस नव्हे तो. त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही. मी एका कारखान्यात कंट्रोल पॅनेल तपासते. वायर कुठून निघाली, कुठं पोचली, मध्ये वीज कुठं अडकली, हे शोधायचं काम. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली आमच्या भावकीत मी पहिली, पोरगे धरूनसुद्धा. हे मी कुणी विचारलं तरी सांगते आणि नाही विचारलं तरी सांगते. आणि जी गाडी पुलावर उभी होती, तिच्याच केबिनमध्ये दुधाच्या वासात बसून मी शेवटच्या वर्षाला कॉलेजला गेले होते. आबा संस्थेवर कॅन चढवायचे तोवर मी मांडीवर वही उघडून बसायची.

त्या दिवशीचं दूध वाचलं. शेजारच्या गावचा एक तरुण नवी पिकअप घेऊन भाजी सोडून परत येत होता, त्यानं पुलावर थांबून सगळे कॅन आपल्या गाडीत घेतले. भला पोरगा. पण केंद्रावरच्या सुपरवायझरनं त्यालाच सांगून टाकलं की ही गाडी दुरुस्त होईतोवर तूच फेऱ्या मार. इथून पुढं आमच्या घरात कुणाचा पाय जागेवर ठरला नाही.

दोन दिवस गावातल्या मिस्त्रीनं गाडीशी झटापट केली. मिस्त्रीचा आवाज मोठा, हात जलद. आधी म्हणाला डिझेल वर चढेना, फिल्टर बदलला. मग म्हणाला रिले गेलाय, तो बदलला. मग म्हणाला सेन्सर. गाडी एकदा सुरू झाली, वेशीपर्यंत गेली आणि पुन्हा बंद. त्यानंतर ती सुरूच झाली नाही. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरचा फोन आला. आई तेव्हा तिच्या फोनवर माझ्याशी बोलत होती, आणि आबांचा फोन तिनं स्पीकरवर टाकला, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

"काका, दूध कुणासाठी थांबत न्हाय. शनिवारी संध्याकाळी तुमची गाडी केंद्रावर दिसली तर बघू. न्हाय दिसली तर रूट त्या पोराच्या नावानं करावा लागंल. मला बी वर उत्तर द्यायचं असतंय."

"दिसंल की," आबा म्हणाले.

फोन बंद झाल्यावर आई मला म्हणाली, "रात्री पाठ टेकत न्हाईत गं. दूध घ्यायची वेळ झाली की कोपऱ्यावर जाऊन हुभं ऱ्हात्यात. त्या पोराचा हॉर्न वाजला की परत येत्यात."

ऊस चुलत्याकडं वाट्यानं दिलेला. बैल केव्हाच विकलेले. देवळाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणारी माणसं आबांना आवडत नाहीत. रूट गेला की तेही त्याच पायरीवर जाणार, दुसरी जागाच नाही. मी रजा टाकली, पर्समध्ये मल्टिमीटर घातला आणि वडगावची एस.टी. पकडली.

गाडी दारात उभी होती. आठच दिवसांपूर्वी बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, झाला होता. बंपरच्या दोन्ही टोकांना शिंगांना लावतात तसा लाल हिंगूळ फासलेला, आरशांना लोकरीचे गोंडे, टपावर झेंडूचा वाळलेला हार. बैल गेले तरी आबांनी बेंदूर सोडलेला नाही. बैल विकल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी गाडीला पुरणपोळी दाखवली होती तेव्हा गल्ली हसली होती. आता आमच्या गल्लीत तीन ट्रॅक्टर आणि दोन पिकअप बेंदराला सजतात आणि कुणी हसत नाही.

"आलीस?" मिस्त्री म्हणाला. तो माझ्याहून लहान, आणि गावात मला सगळेच आक्का म्हणतात. "आक्का, कारखान्यातली मशीन न्हवं ही. रस्त्यावरची हाय."

"वीज दोन्हीकडं सारखीच असते," मी म्हणाले. "चावी फिरव."

त्यानं चावी फिरवली. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा एकदा लागून विझायला हवा. तो लागलाच नाही.

"हा दिवा कधीपासून लागत नाही?"

"दिव्याचं काय, आक्का? बल्ब गेला असंल."

आबा गाडीभोवती फेऱ्या घालत होते. पुढून मागं, मागून पुढं. मधूनच टायरला लाथ घालायचे, जसं काही हवेमुळं बंद पडली असावी.

या गाडीच्या इंजिनात किती डिझेल कधी सोडायचं, हे एक पत्र्याची डबी ठरवते. बॅटरीच्या मागं बसवलेली असते. तिला सगळे कॉम्प्युटर म्हणतात. सेन्सर तिला बातम्या देतात, पण त्या देण्यासाठी सेन्सरना वीज तीच पुरवते, पाच व्होल्ट. मी सेन्सरच्या वायरीला मीटर लावला. शून्य. एखादा सेन्सर आतून जळला असेल तर तो एकटाच सगळ्यांची वीज पिऊन टाकतो, म्हणून मी एकेक सेन्सर काढत गेले आणि दर खेपेला मीटर बघत गेले. शून्यच. मग डबीला बॅटरीची वीज पोचते का बघितलं. पोचत होती. अर्थिंगही चांगलं होतं. डबीला खायला मिळत होतं, पण तिच्याकडून कुणाला काही मिळत नव्हतं.

"कॉम्प्युटर गेलाय," मी म्हणाले.

मिस्त्री हसला. "काय कळंना झालं की कॉम्प्युटर. डॉक्टरला कळलं न्हाय की गॅस झालाय म्हणतोय, तसं."

"तू तीन वस्तू बदलल्यास. मी अजून एकही बदललेली नाही."

"व्हय, पर माझं चुकलं तर फिल्टर वाया जातोय. तुझं चुकलं तर आबांचा शनिवार जाईल."

हे मात्र त्यानं बरोबर सांगितलं, आणि ते मला लागलं. आबा थांबले होते आणि माझ्याकडं बघत होते. गावात त्यांनी पोरीच्या डिग्रीचं इतकं सांगून ठेवलं होतं की आता ती डिग्री चुकली असती तर त्यांना दोन बाजूंनी मार बसला असता.

"बघ की आणि एकदा," ते हळूच म्हणाले.

मी पुन्हा बघितलं. सगळं पहिल्यापासून, तेच तसंच. मग डबीच्या कनेक्टरचा खटका उचलून तो ओढून काढला. पितळेच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. ताकात तांब्याचं भांडं राहिल्यावर पडतं तसं हिरवं. आणि कनेक्टरच्या तळाशी ओल होती. पाऊस आठवडाभर नव्हता.

मी आबांकडं बघितलं. ते आरशाचा गोंडा नीट करत होते.

मिस्त्री माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, "ह्ये कुठनं आलं?" मी डबीचे बोल्ट सोडले, ती जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि आबांना म्हणाले, "चप्पल घाला. कोल्हापूरला जायचं."

उद्यमनगरात एक माणूस फक्त गाड्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो असं कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं होतं. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. आत गारवा, टेबलावर भिंग, त्याच्या बोटांत अंगठ्या, आणि बोलणं असं की कोल्हापुरात त्याच्याशिवाय वीज कुणाला कळतच नाही.

"म्याडम, आत कुणी हात घातलाय का?"

"घातला असता तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

"कुणी पाठवलं?"

"मीच तपासली. सेन्सरची वीज येत नाही. सेन्सर सगळे काढून बघितले. सप्लाय आणि अर्थिंग बरोबर आहे."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, मग आबांकडं बघून म्हणाला, "मामा, लेकीला चांगलं शिकवलंय. अर्धं काम करून आणलंय."

आबांची छाती एवढी फुगली की मला वाटलं आता हे सगळं सांगत बसणार. पण त्या माणसानं डबीचं झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आत पांढरी-हिरवी पावडर साचली होती. एका भागाचे पाय कुजून गळाले होते.

"गाडी पुरात हुती काय?"

"पुरात कशाला असंल?" आबा म्हणाले. "पाऊस लागला असंल."

"पाऊस बॉनेटच्या आत शिरून कनेक्टरात घुसत न्हाय, मामा. ह्यो पाईपनं मारलेला पाऊस हाय."

आबा छताकडं बघायला लागले. मी टॉवेलाची घडी घालायला लागले. परक्या माणसापुढं बापाला खोटं पाडायचं नसतं, हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नव्हतं.

तो म्हणाला ही डबी मेली, जुन्या गाडीतून काढलेली त्याच नंबरची डबी मिळेल. पण ती नुसती बसवून गाडी सुरू होणार नाही. डबी आपल्या गाडीची चावी ओळखते, दुसऱ्या गाडीची डबी आमच्या चावीला चोर समजेल. म्हणून मेलेल्या डबीतला आठवणींचा भाग वाचवून नव्या डबीत उतरवायचा. "त्यो भाग शाबूत असला तर. न्हाईतर मग लांबलं."

"शनिवारी दुपारपर्यंत पाहिजे," मी म्हणाले.

"बघतो."

"बघतो नको. होतंय का न्हाय ते सांगा," आबा म्हणाले. त्या खोलीतलं त्यांचं ते पहिलं मोठं वाक्य.

"सांगितलं की, आठवण शाबूत असली तर हुईल. आणि एक ऐका. कनेक्टर साफ केला न्हाय, रबर बदललं न्हाय, तर ही डबी बी अशीच जाईल. मग माझ्याकडं येऊन भांडायचं न्हाय."

बाहेर चहाच्या गाड्यावर आबा बराच वेळ कप हातात धरून उभे होते. समोरून लोखंड भरलेले टेम्पो जात होते आणि प्रत्येक टेम्पोच्या इंजिनाचा आवाज ते कान देऊन ऐकत होते.

"बेंदराला धुतली," ते शेवटी म्हणाले.

"फवारणीच्या पंपानं?"

"मंग? घमेल्यानं धुवायची व्हय? बॉनेट उघडलं आणि आतनं चांगली धुतली. दुधाची गाडी हाय, आतनं बी लख्ख पाहिजे. इंजिन कसं आरशागत झाल्तं. सुरू बी झाली की लगीच. मिरवून आणली."

"पाणी आत राहिलं, आबा. हळूहळू खात गेलं."

त्यांनी कप ठेवला. मग म्हणाले, "बैल धुताना मी कानात थेंब जाऊ दिला न्हाय कधी. तुला ठावं हाय. तू कान दुमडून धरायचीस."

मला आठवत होतं. बैलाचा कान गरम आणि जाड असतो, आणि तो सारखा हातातून निसटतो.

"मंग हिचं कान कुठं हायत ते सांगायचं न्हाय व्हय मला? तू शिकलीस न्हवं?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"बेंदराला आंघोळ घालायला इचारायचं असतंय?"

चहावाल्यानं विचारलं आणखी देऊ का, आबा नको म्हणाले. एस.टी. स्टँडकडं चालताना ते दोन पावलं पुढंच होते. मध्येच मागं वळून म्हणाले, "मिस्त्रीला सांगू नगंस. गाव म्हणंल म्हातारा गाडीला बैल समजतोय."

"गाव आधीपासून म्हणतंय ते."

"म्हणू दे. पर त्येच्यामुळं रूट गेला असं म्हणायला नगं."

मी सांगितलं नाही. कनेक्टर मीच साफ केला, दातांच्या जुन्या ब्रशनं, एकेक पिन. रबराची नवी कडी बसवली, वायरींच्या तोंडाशी जिथं पाणी शिरत होतं तिथं सिलिकॉन भरलं. शुक्रवारचा सगळा दिवस त्यात गेला, कारण दर थोड्या वेळानं मी उठून फोन बघत होते. उद्यमनगरचा माणूस फोन उचलत नव्हता. संध्याकाळी दुधाच्या वेळेला कोपऱ्यावर त्या पोराचा हॉर्न वाजला. आबांनी हातातलं काम टाकलं, उंबऱ्यापर्यंत गेले, परत आले, पाणी प्याले, पुन्हा गेले.

"बसा की जरा," आई म्हणाली. "उभं राहून गाडी सुरू हुणार हाय का?"

"बसून तरी हुणार हाय का?"

शनिवारी सकाळी फोन आला. आठवण शाबूत होती. मी जाऊन डबी घेऊन आले, एस.टी.त ती मांडीवर धरून, शेजारची बाई विचारते केक हाय व्हय गं. घरी पोचले तेव्हा मिस्त्री बॉनेट उघडून तयारच बसला होता, आणि गल्लीतले चारपाच जणही उगीच काहीतरी विचारायच्या निमित्तानं येऊन थांबले होते.

बॅटरीची वायर काढली, डबी बसवली, कनेक्टर दाबून खटका लावला, वायर जोडली. आबांनी चावी फिरवली. पिवळा दिवा लागला आणि विझला.

"लागला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

स्टार्टर फिरला. इंजिन धरेना. पुन्हा फिरवला, धरेना. आबांनी माझ्याकडं बघितलं. गल्ली माझ्याकडं बघत होती. डबी आमची चावी ओळखत नसती तर दिवा तसा विझला नसता, मग अडलं कुठं?

"थांबा, थांबा," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही कोल्हापूरला गेल्यावर पुन्यांदा फिल्टर काढल्ता मी. लाइनीत हवा हाय." तो वाकला, फिल्टरवरचा हातपंप दाबत राहिला, एका ठिकाणचा नट सैल करून फेस जाऊ दिला, पुन्हा आवळला. "मारा आता."

गाडी सुरू झाली. आधी खोकली, काळा धूर सोडला आणि मग तिचा नेहमीचा आवाज लागला. मिस्त्री हात पुसत गल्लीला म्हणाला, "म्हटलं नव्हतं का, डिझेलचा प्रॉब्लेम हाय म्हणून?"

मी बॉनेट लावून टाकलं. एरवी मी असं सोडत नाही.

संध्याकाळी आम्ही दोघंच केंद्रावर गेलो, रिकामी गाडी घेऊन. वाटेत आबा सारखे गिअर खाली-वर करून बघत होते, चढावर विनाकारण वेग वाढवत होते, आणि माझं लक्ष त्या पिवळ्या दिव्यावरून हलत नव्हतं. केंद्राच्या दारात कॅनांचा खणखणाट चालू होता. तो पोरगा आधीच येऊन दूध उतरवत होता. आबांना बघून त्यानं मान झुकवली.

सुपरवायझर बाहेर आला. "आली का, काका? बरं झालं." मग त्यानं मान खाजवली. "असं हाय बघा. पोरानं आठवडाभर एक फेरी चुकवली न्हाय. संस्थांच्या सेक्रेटरींचे फोन आल्यात, ह्यालाच ठेवा म्हणून. मी तुमचं नाव रूटवरनं काढत न्हाय. सकाळचं तुमचं, संध्याकाळचं त्येचं."

"हे आधी का नाही सांगितलं?" मी म्हणाले. "शनिवारी गाडी दिसली तर रूट आमचा, असं तुम्हीच—"

आबांनी माझ्या दंडावर हात ठेवला. जोरात नाही, पण ठेवला.

"सकाळचं दूध जास्त असतंय," ते सुपरवायझरला म्हणाले. "द्या. सकाळचं द्या."

परतीला गिअर खाली-वर करून बघणं त्यांनी सोडून दिलं होतं. मला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. गाडी मात्र झकास चालली होती, एकदाही न अडखळता, आणि तेच जास्त टोचत होतं.

रविवारी पहाटे ते कधी गेले मला कळलं नाही. जाग आली तेव्हा दारातली गाडीची जागा मोकळी होती. मी चूल-चहा करताना कान रस्त्याकडंच ठेवून होते. ऊन वर आल्यावर गाडी दारात लागली. आबा आत आले, चप्पल काढली, म्हणाले, "चालली." आणि भाकरी मागितली.

संध्याकाळची वेळ सोपी नव्हती. मला सोमवारी कामावर जायचं होतं, पिशवी भरून मी एस.टी.ची वाट बघत ओसरीवर बसले होते. आईनं चहा केला. दुधाची वेळ झाली तसं आबा उठले, बसले, पुन्हा उठले. कोपऱ्यावर हॉर्न वाजला. या वेळी तो थांबला नाही, आमच्या दारापर्यंत आला.

त्या पोरानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आबा, त्या वरच्या वाडीतल्या संस्थेत कॅन उशिरा भरून देत्यात. माझी फेरी लांबतीया. तुम्ही कसं करत हुता?"

"त्या सेक्रेटरीला आधी फोन करायचा असतोय," आबा म्हणाले. "तिथं जाऊन हॉर्न मारून उपेग न्हाय. आणि खालची संस्था आधी घे, वरची मागनं."

"रस्ता उलटा पडतोय की."

"उलटा न्हाय पडत. मळ्यातनं वाट हाय."

"कुठनं?"

आबांनी हातानं दाखवायला सुरुवात केली, मग हात खाली घेतला. गाडीला वळसा घालून ते पलीकडच्या बाजूला गेले, दार उघडलं आणि केबिनमध्ये चढले. पायात चप्पल नव्हती.

"चल, दाखवतो," ते म्हणाले.

गाडी निघाली. आई दारात आली, तिच्या हातात आबांच्या चहाचा कप होता.

"गेले काय?"

"गेले."

तिनं कपावर बशी झाकली आणि आत नेऊन ठेवला. माझी एस.टी. यायला अजून वेळ होता. मी उठले, पिशवी खांद्याला लावली, आणि उगीचच आमच्या गाडीचं बॉनेट उघडून कनेक्टरचा खटका नीट बसलाय का ते एकदा बघून घेतलं.